खडक्याचं ताट

त्या वर्षी किनाऱ्यालगतच्या पाण्यानं दगाच दिला. जाळं टाकावं आणि ओढावं, तर आत शेवाळ, एखादी फाटकी चप्पल आणि फार तर मूठभर चिंगळं. समुद्राला शिव्या देऊन काही होत नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण तोंड गप्प बसेल तर ना! शेवटी धाकट्याला थोरल्याची आठवण झाली. तसा थोरला काही लांब राहत नव्हता. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती. याच्या घरात कोणी खोकलं तर त्याच्या घरात कळायचं. पण गरज पडल्याशिवाय भाऊ आठवत नाही, ही जगाची रीतच आहे.

थोरल्याला सगळे खडक्या म्हणत. उभा जन्म त्यानं लांबच्या बुडी खडकावर गळ टाकण्यात घालवला होता. बाकी सगळे जाळीवाले, हा एकटा गळवाला. बायको गेली तेव्हा त्यानं होडी उपडी घातली ती घातलीच, आणि पुढं स्वतःही जवळपास तसाच पडून राहिला. मूलबाळ नव्हतं. सकाळी भात टाकायचा, तोच दोन वेळा खायचा आणि उंबऱ्यावर बसून गल्लीतनं जाणाऱ्यांकडं बघायचं. कोणी बोललं तर बोलायचं. बहुतेक जण घाईत असत.

"दादा," धाकटा एका संध्याकाळी दारात येऊन म्हणाला. आत आला नाही. "खडकाची जागा सांगशील काय? जवळ आता काही राहिलं नाही बघ."

खडक्याला तिथल्या तिथं उठून उभं राहावंसं वाटलं. पण लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. तो उगाच पायाचा अंगठा खाजवत बसला.

"सांगून कळत नसतंय ते. मला यावं लागेल."

"मग ये की. कोण नको म्हणतंय?"

कोणी नको म्हणत नव्हतं हे खरं. पण इतक्या दिवसांत ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री खडक्यानं पेटीतली तंगूस, गळाची चिवट दोरी, काढली, हातभर हातभर ओढून बघितली, कुजलेला भाग दातानं तोडून टाकला. गळ दगडावर घासले. तळ चाचपायचं शिसं उशाशी ठेवून झोपला. बायको असती तर म्हणाली असती, घ्या, आता शिशालाच पांघरूण घाला.

पहाटे बोट निघाली. धाकटा सुकाणूवर, मशीनपाशी लांब्या, आणि पुढं नांगराजवळ खडक्या. लांब्या हा धाकट्याचा खलाशी. उंचीनं ताडमाड, आणि जीभ उंचीला शोभेल अशीच.

"म्हातारबा," लांब्या ओरडला, "खडक जागेवर आहे ना? नाहीतर तुमच्यासारखाच म्हातारा होऊन बसला असेल कुठंतरी!"

खडक्या हसला. फार दिवसांनी कोणी आपली चेष्टा केली याचं त्याला बरंच वाटलं.

किनारा मागं बारीक झाला. खडक्या पाण्याकडं बघतच नव्हता, मागं जमिनीकडं बघत होता. पाण्याची टाकी टेकडीच्या खिंडीत आली पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूला भट्टीचं धुराडं बावट्याच्या खांबाला चिकटलं पाहिजे. टाकी खिंडीत आली. धुराडं अजून लांब होतं. "डावीकडं. अजून. अरे अजून, घाबरतोस कशाला!" मग त्यानं हात वर केला, आणि लांब्यानं मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. बोटीच्या फळीवर पाणी चापट्या मारत होतं तेवढंच.

शिशाच्या बुडाला खळगा होता. त्यात खडक्यानं साबणाचा तुकडा दाबला आणि शिसं सोडलं. तंगूस बोटांतनं सरसर गेली, गेली, आणि सैल पडली. वर ओढून बघितलं तर साबणाला वाळू चिकटलेली.

"वाळू. थोडं पुढं घे."

पुन्हा वाळू. तिसऱ्या वेळी साबण ओरखडलेला आला आणि त्यात पांढरे कण रुतलेले. खडक्यानं ते बोटानं चुरगाळून बघितले, जिभेला लावले.

"हा. हाच. टाका नांगर, आणि दोर राखून टाका, नाहीतर अडकला तर खालीच राहील."

खडकावरच्या माशाचं एक असतं. गळ लागला की तो आडवातिडवा पळत नाही, सरळ आपल्या बिळाकडं जातो. बिळात शिरला की संपलं. तंगूस खडकावर घासते आणि तुटते, आणि आपल्या हातात राहतो वारा. म्हणून पहिल्या झटक्याला जो ढिला पडला तो गेला. खडक्या फळीला पाय लावून बसला होता. आमिष खाली गेलं. कोणीतरी खाली टकटक केली. दोनदा. खडक्या हलला नाही. मग एकदम ओढ बसली, आणि म्हातारा कमरेतनं वाकला.

"सोड, दादा! थोडी सोड, बोटं कापतील!"

"बोटं दहा आहेत, मासा एक आहे!"

तंगूस हाताच्या जुन्या घड्यांत जाऊन बसली. पाठीत कळ आली, ढोपरं थरथरायला लागली, तोंडातनं लाळ गळायला लागली. पण त्यानं वीतभरसुद्धा दिली नाही. खालचा ओढत राहिला, वरचा धरून राहिला. मग खालचं वजन जरा हललं, आणि खडक्या हात हात वर घ्यायला लागला. खोल पाण्यात आधी करडी सावली दिसली, मग तांबूस. लांब्यानं आकडा घातला आणि मासा बोटीत आपटला तेव्हा विटेसारखा लाल होता. लांब्याच्या मांडीएवढा.

"आईशप्पथ!" लांब्या म्हणाला आणि वाकून त्यानं हात पुढं केला.

"थांबा. हात लावू नका," खडक्या धापा टाकत म्हणाला. "आधी बघू दे कोण आहे तो."

कारण खडकावर दोघं राहतात. एक तांबडा आणि एक फसव्या. सख्खे भाऊ शोभावेत असे. रंग तोच, अंग तेच, दात तेच. तांबडा म्हणजे खाणाऱ्यानं बोटं चाटावीत. फसव्याचं तसं नाही. तो दर वेळी बाधत नाही, म्हणून तर त्याचं नाव फसव्या. पण बाधला की ओठांना मुंग्या येतात, पायांत गोळे येतात, गार पाणी चटका दिल्यासारखं लागतं, आणि माणूस म्हातारंकोतारं असलं तर अंथरुणातनं उठतही नाही. फरक एवढाच, की फसव्याच्या नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत बारीक खाच असते. मासा ओला आणि चिकट असतो, खाच नजरेला फसवते. म्हणून अंगठा फिरवून बघायचा.

खडक्यानं अंगठा फिरवला नाही. त्याचा अंगठा तंगुशीनं कापून कापून मेला होता. विस्तवावर धरला तरी वास आल्यावर कळलं असतं. त्यानं माशाचं मुंडकं दोन्ही हातांनी उचललं, तोंडापाशी नेलं आणि आपला खालचा ओठ त्याच्या डोळ्यापुढं हळूच फिरवला.

लांब्या फळीवर आडवाच झाला. "अगं आई गं! म्हातारा माशाचा मुका घेतोय!"

"घेईन नाहीतर काय," खडक्या म्हणाला. "तांबडा आहे. खाच नाही. धाकट्या, तू बघ. ओठ लाव."

धाकट्यानं लांब्याकडं बघितलं. लांब्या हसून हसून डोळे पुसत होता. "मी नाही असले मुके घेत," धाकटा म्हणाला आणि अंगठा फिरवल्यासारखं केलं. "कळलं. खाच नाही."

त्याचा अंगठाही जाळीच्या दोरानं तसलाच झाला होता. खडक्याला ते दिसलं. पण लांब्यापुढं भावाला काय बोलायचं!  त्या दिवशी बोट भरून आली, किनाऱ्यावर माणसं जमली, आणि कोणीतरी खडक्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला घरी जाईपर्यंत जाणवत होती.

दुसऱ्या दिवशी तो पहाटे तयार होऊन किनाऱ्यावर आला, तर बोटीत तिसऱ्या जागेवर बर्फाची मोठी पेटी ठेवलेली.

"दादा, तू कशाला दगदग करतोस?" धाकटा म्हणाला. "खुणा कळल्या आता आम्हाला. तू घरी बस, आराम कर. तुझा वाटा घरबसल्या येईल."

"अरे, पण खाच..."

"बघतो की आम्ही. अंगठा आहे ना?"

बोट गेली. खडक्या हातात शिसं घेऊन उभा होता. शिसं द्यायचं राहिलंच. मग त्याला वाटलं, जाऊ दे, त्यांनी स्वतःचं नेलं असेल.

पण वाटा खरंच आला. संध्याकाळी धाकट्याची बायको ताट घेऊन दारात उभी. वाफाळता भात, वर माशाचे दोन जाडजूड तुकडे. "भाऊजी, गरम आहे तोवर जेवा," ती म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत लगबगीनं गेली.

खडक्या ताटापुढं बसला आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. रडायचं काय त्यात, मासा तर आहे! पण बायको गेल्यापासून या घरात दुसऱ्याच्या हातचा घास आला नव्हता. त्यानं सावकाश, काटा न् काटा चोखून खाल्लं. ताट राखेनं घासून लखलखीत केलं. मुंडकं नव्हतं. खडकावरच्या माशाचं मुंडकं म्हणजे खरी चव, पण पोरांना आवडत असेल म्हणून ठेवून घेतलं असेल, असं त्यानं मनाला समजावलं.

आणि सकाळी काय! धाकटा स्वतः दारात.

"दादा, झोप लागली ना नीट?"

"लागली की."

"तोंडाला मुंग्याबिंग्या नाहीत ना? पाय दुखत नाहीत?"

"माझे पाय कधी दुखत नाहीत? पण नेहमीचंच ते."

"बरं बरं," धाकटा म्हणाला आणि झपाझप निघून गेला.

तेव्हापासून ताट येत राहिलं आणि सकाळची चौकशीही. खडक्याला जणू नवं अंग फुटलं. तो न चुकता दाढी करायला लागला. अंगण झाडलं. दाराची एक बिजागरी कित्येक दिवस लोंबत होती, ती ठोकली. उगाच भावाला नावं ठेवली आपण, त्याला वाटायचं, रक्त ते रक्तच. ताट यायच्या वेळेला तो मुद्दाम आत बसायचा, वाट बघत होतो असं दिसू नये म्हणून. आणि सकाळी मात्र उंबऱ्यावर येऊन बसायचा, चूळ भरून, तोंड धुऊन. कोणीतरी आपल्याला झोप लागली का विचारायला येतंय, आणि आपण अंथरुणात? छे!

मग ती सकाळ उजाडली. खडक्या उठला तर ओठ चुरचुरत होते. वाटलं, तिखट लागलं असेल. चूळ भरायला तांब्या तोंडाला लावला आणि एकदम खाली टाकला. पाणी चटका देत होतं. गार, रात्रभर माठातलं पाणी. पोटऱ्यांत गोळे आले होते. भिंत धरून तो उंबऱ्यापर्यंत आला आणि बसला.

धाकटा आलाच. "झोप लागली ना, दादा?"

"ओठ जरा चुरचुरतायत रे. आणि पाणी..." खडक्या कसनुसा हसला. "पाणी भाजतंय."

धाकट्याचा चेहरा पडला. "तू बस. हलू नको. आलोच मी," म्हणत तो पळत सुटला. चाळीशीतला माणूस, चपला हातात घेऊन गल्लीतनं पळत गेला.

डॉक्टरकडं गेला, खडक्याला वाटलं. केवढा घाबरला बिचारा! उगाच सांगितलं. तो बसून राहिला. ऊन उंबऱ्यावर आलं, मग त्याच्या पायांवर आलं, मग छातीवर आलं. कोणी आलं नाही. एकदा त्यानं भिंतीवर थापटून बघितलं. पलीकडं भावजय कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, ती गप्प झाली. आता धाकट्यालाच काही झालं की काय म्हणून खडक्या उठला. काठी घेतली आणि किनाऱ्याकडं निघाला. दर दहा पावलांवर थांबत, भिंती धरत.

बर्फाच्या शेडपुढं गर्दी होती. धाकटा आणि लांब्या पेट्या उचलून उचलून पाण्यात उपड्या करत होते. लाल, मोठे, देखणे मासे. बर्फवाला कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याची पाठ खडक्याकडं होती.

"नशीब समजा," बर्फवाला कोणाला तरी सांगत होता, "आज आधीच कळलं. रोज सकाळी मी एवढंच विचारतो, खडक्या उठला का? उठला तर उघडा पेट्या. त्याच्या पोटात रात्रभर माल राहिला की गावाला धोका नाही."

समोरच्या माणसानं खडक्याला बघितलं आणि मान खाली घातली. बर्फवाला वळला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. लांब्याच्या हातातली पेटी हातातच राहिली. धाकट्यानं बघितलं आणि ओरडला, "दादा, तुला बस म्हटलं होतं ना!"

  खडक्या वळला आणि आला तसा भिंती धरत घरी गेला.

संध्याकाळी भावजय आली. ताटात नुसता मऊ भात आणि मीठ. या वेळी ती लगेच गेली नाही. उंबऱ्याच्या आत खाली बसली.

"आमच्या बापाच्या वेळी," खडक्या अंथरुणावरून म्हणाला, "ज्यानं मासा धरला त्याच्याच घरी आधी शिजायचा. तोच आधी खायचा. तुम्ही माझ्या घरी पाठवलात."

ती पदराशी चाळा करत राहिली. मग एकदम म्हणाली, "खोटं नाही बोलणार, भाऊजी. घरात माझी लेकरं आहेत. हे म्हणाले, दादाच्या मागं कोण आहे रडायला? मी गप्प बसले. पहिल्या दिवशी ताट दिलं आणि रात्रभर भिंतीला कान लावून पडले. मग काही झालं नाही, काही झालं नाही, आणि सवय झाली." तिनं डोळे पुसले. "मला शिव्या द्या. पण उद्यापासून मी नाही आणणार. हे काहीही म्हणोत, माझ्या हातनं व्हायचं नाही ते."

खडक्या वरच्या वाशांकडं बघत होता. याच्या मागं कोण आहे! खरंच तर होतं. राग यायला हवा होता, आणि आलाही होता, सकाळी शेडपुढं. आता त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. ताट येणार नाही. सकाळी दारात कोणी येणार नाही. जीव वाचला याचं त्याला सुख वाटेना. ही कसली तऱ्हा म्हणायची?

"तू नको आणू," तो शेवटी म्हणाला. "जरा पाय चालू लागू देत. मग मीच येतो किनाऱ्यावर. मला काही दाखवायचंय त्याला."

मुंग्या ओसरायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत धाकटा एकदाही आला नाही. भिंतीपलीकडं त्याचा खोकला मात्र यायचा. पाय जरा सावरले तसा खडक्या किनाऱ्यावर गेला आणि बोट यायची वाट बघत वाळूत बसला. बोट आली. धाकट्यानं त्याला बघितलं आणि दोर बांधण्यात नको तेवढा वेळ घालवला.

"सगळे मासे खाली ओता," खडक्या म्हणाला.

"दादा, आता इथं लोकांपुढं..."

"ओत म्हणतो ना!"

इतक्या मोठ्यानं खडक्या कित्येक वर्षांत बोलला नव्हता. लांब्यानं गुपचूप पेटी ओतली. खडक्या गुडघ्यांवर बसला. एकेक मासा उचलायचा, ओठ लावायचा, आणि उजवीकडं नाहीतर डावीकडं ठेवायचा. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कोणीतरी शीळ घातली. खडक्यानं वर बघितलं नाही. त्याच्या आजारात वाढलेल्या दाढीला खवले चिकटले, ओठ खारट झाला, नाकात चिकट पाणी गेलं. डावीकडचा ढीग वाढत गेला तसं हसणं कमी होत गेलं. निम्म्याहून जास्त फसवे होते.

"तुझा अंगठा मेलाय," तो धाकट्याला म्हणाला. "माझाही मेलाय. लाजतोस कशाला? ये इकडं. ओठ लाव."

धाकटा गुडघ्यांवर आला. आजूबाजूला बघितलं, डोळे मिटले आणि ओठ लावला. थांबला. पुन्हा फिरवला.

"लागली," तो हळूच म्हणाला. "खाच लागली, दादा! दोऱ्याएवढी आहे." मग दुसरा उचलला. "याला नाही." मग लांब्या बसला. दिवस कलायच्या आत दोघांना असं जमायला लागलं की खडक्याला विचारायची गरजच उरली नाही. फसवे पाण्यात गेले, तांबडे बर्फात गेले, आणि बर्फवाल्यानं कोणालाही काही न विचारता पेट्या बंद केल्या.

धाकटा हात धुऊन भावाजवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "चुकलं माझं, दादा. फार चुकलं. आता ती चाखायची भानगडच मिटली बघ. आता तुला कसला त्रास नाही."

"त्रास कसला रे," खडक्या म्हणाला. मग जरा घुटमळला. मागणं त्याच्या जिभेला सवयीचं नव्हतं. "ताट पाठवत जा. चांगलाच मासा असेल आता. पण पाठवत जा."

"अरे, हे काय सांगणं झालं? पाठवणारच!" धाकटा म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या मनात खोट नव्हती.

पहिल्या संध्याकाळी ताट आलं. भावजयीनं मुंडकंसुद्धा घातलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी तिच्या धाकट्या पोराला ताप होता. त्यानंतर बोट उशिरा यायला लागली, माल भरपूर मिळायला लागला, घरात माणसांची वर्दळ वाढली, आणि भिंतीपलीकडं भांड्यांचा, हसण्याचा आवाज येत राहिला. कोणी मुद्दाम काही केलं नाही. राहून गेलं, एवढंच. खडक्यानं आपला भात टाकला.

पण सकाळी जाग यायची ती त्याच वेळेला. एका सकाळी तो तोंड धुऊन, दाढी करून उंबऱ्यावर बसला होता. धाकटा खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन गल्लीतनं येताना दिसला. घाईत होता. मागनं लांब्या हाका मारत होता. धाकटा दारासमोर आला आणि पुढं जायला लागला, तसा खडक्या अर्धा उठला.

"झोप लागली मला," तो म्हणाला. "मुंग्या नाहीत."

धाकटा चालता चालता वळला. काय म्हणतोय हे त्याला क्षणभर कळलं नाही. "हां, बरं झालं, दादा," तो म्हणाला आणि किनाऱ्याकडं गेला.